आतोबांच्या कमानी

आमच्या आतोबांनी उभ्या जन्मात कुणाच्या तोंडाकडे नीट पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. माणूस त्यांच्या लेखी घोट्यापाशी सुरू व्हायचा आणि तळव्यापाशी संपायचा. नाक, डोळे, मिशा, पागोटं हे वरचं सगळं देवाने उरलेल्या मातीतून कसंबसं लावून दिलं आहे, असा त्यांचा पक्का समज होता. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. अमरावतीच्या कापूसबाजारामागे त्यांची रुईची वखार होती, आणि घरचा माणूस म्हणून त्या वखारीचा अर्धा कारभार माझ्या गळ्यात पडलेला होता. रस्त्याने चालताना त्यांची मान सदा खाली. समोरून कोण येतंय हे त्यांना पायांवरून कळायचं, आणि पाय झाकलेले असले की आली का पंचाईत! एकदा माझे वडील, म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे, नवे कोरे जोडे घालून त्यांच्याकडे गेले. आतोबांनी जोड्यांकडे पाहिलं आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोण पायजे जी तुमाले?" वडील म्हणाले, "अहो, मी!" "मी म्हंजे कोण?" वडिलांनी चिडून एक जोडा काढला. त्याबरोबर आतोबांचा चेहरा उजळला. "आँ! हे तं आपले भाऊ! मंग आंधी काहून नाई सांगतलं?"

गंमत अशी, की या खाली मानेमुळे गावात त्यांची कीर्ती भलतीच झाली. बायाबापड्या म्हणत, पुरुष असावा तर असा, परस्त्रीकडे डोळा वर करून म्हणून पाहत नाही. आत्याच्या कानावर हे आलं की ती कपाळावर हात मारून घ्यायची. "वर नाई पाहत, खरं हाय बाई! पण नवरात्रात अंबादेवीच्या पायरीवर बसून अख्ख्या गावाचे पाय पाहून येतात, ते सांगू का कोणाले?"

हे वेड त्यांना जन्मजात नव्हतं. ते लागलं अकोल्यास. साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, ते हे दिवस. आगगाडीचा रस्ता आमच्याकडे सरकत होता आणि मोर्णेवर पुलाचं काम चाललं होतं. आतोबा रुईच्या सौद्यासाठी गेले होते, ते सौदा सोडून पूल पाहायला जाऊन बसले. गवंड्यांनी लाकडी सांगाड्यावर दगडांची कमान रचली होती. आतोबांच्या देखत त्यांनी खालचा सांगाडा काढून घेतला. आता कोसळते म्हणून आतोबांनी डोळे गच्च मिटले. उघडून पाहतात तो कमान आपली जागच्या जागी उभी! खाली काहीसुद्धा नाही. वरून माणसं, दगडांच्या टोपल्या, गाढवं, सगळं जातंय आणि कमान ढिम्म. आतोबा तसेच नदीकाठी वाळूत बसले. ओल्या वाळूत त्यांचं स्वतःचं पाऊल उमटलेलं होतं: पुढे पाच बोटं, मागे टाच, बाहेरच्या कडेने एक पट्टी आणि आतल्या बाजूला वाळू जशीच्या तशी. बस्स. तिथून जो माणूस परत आला तो निराळाच होता. आल्या आल्या मला म्हणाले, "बापू, इंग्रजानं मोर्णेवर काय बांधलं रे! असा पूल माह्या पायाखालीच हाय. दोन हायेत!"

नुसतं एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही सुखी असतो. पण पुढे परतवाड्याच्या छावणीत त्यांची एका पलटणीच्या डाक्टराशी गाठ पडली. त्याच्या खोलीत भिंतीला तारेत ओवलेला माणसाच्या पायाचा सापळा टांगलेला होता. दुसरा कोणी असता तर रामराम म्हणत बाहेर पळाला असता. आतोबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, आणि डाक्टरानेही असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नसल्यामुळे हाड न् हाड समजावून दिलं. घरी आल्यावर आत्याने त्यांना आंगणातच उभं करून डोक्यावरून घागरी ओतल्या. थंडीने दात वाजत होते, तरी ते तिला सांगतच होते, "अवं, एका पायात सव्वीस हाडं! सव्वीस! आन् चुना नाई का गारा नाई!"

तेव्हापासून त्यांचं प्रवचन सुरू झालं, आणि ते आम्हां सगळ्यांना तोंडपाठ झालं. पायाला एक नाही, तीन कमानी असतात. एक आतल्या अंगाची, उंच, पुलासारखी. तिच्याखालून मुंगी छत्री उघडून जाईल, असं ते म्हणत. दुसरी बाहेरच्या अंगाची, बुटकी, वजन पडलं की भुईला टेकणारी. आणि तिसरी आडवी, बोटांच्या मुळाशी, या काठापासून त्या काठापर्यंत. हाडं पाचरीसारखी एकमेकांत बसलेली, मध्ये वरच्या बाजूला कळीचा दगड. पण दगडाच्या पुलात आणि पायाच्या पुलात एक फरक आहे, आणि इथे आतोबा आवाज खाली आणत. दगडाचा पूल दबत नाही. पायाचा दबतो आणि पुन्हा वर येतो. टाचेपासून बोटांपर्यंत खालून एक जाड दोरी ताणलेली असते, धनुष्याला असते तशी. ती कमानीची दोन टोकं फाकू देत नाही. माणूस पाऊल टाकतो तेव्हा कमान ओझं झेलते, आणि पाऊल उचलतो तेव्हा तीच त्याला पुढे ढकलते. "आन् त्या पोकळीतूनच रक्ताच्या नळ्या जातात, बापू. कमान नसती तं आपण आपलंच रक्त तुडवत चाललो असतो!"

हे ऐकायला कुणाची हरकत नव्हती. हरकत प्रात्यक्षिकाला होती. पायाचा अंगठा वर उचलला की ती दोरी ताणते आणि कमान आपोआप वर चढते, हे दाखवण्याचा त्यांना विलक्षण सोस. लग्नाच्या पंगतीत माणसं मांडी घालून बसतात, तळवे उघडे पडतात, म्हणजे आतोबांना आयतं कुरण. वरणभात कालवत असलेल्या एखाद्या सभ्य गृहस्थाचा अंगठा मागून अचानक कोणीतरी पकडावा आणि "पाहा, पाहा, चढली!" असं ओरडावं, यावर त्या गृहस्थाने काय करावं? एकाने दचकून भाताचा मोठा घास शेजाऱ्याच्या कानात घातला. त्या लग्नात जेवणानंतर जे भांडण झालं ते आतोबांना कधीच कळलं नाही, कारण ते तेवढ्यात पुढच्या पंगतीत गेले होते.

मग निघालं जोड्यांचं खूळ. दिवसभर उभं राहून ज्यांच्या कमानी थकतात त्यांच्या जोड्यात आतून उशी पाहिजे, असं त्यांनी काढलं. बाजारातल्या रहीमचाचांकडे जाऊन त्यांनी मापाचे जोडे बांधायला टाकले, आणि आतल्या बाजूला उंचवटा कसा हवा ते स्वतःची मूठ घालून दाखवलं. रहीमचाचा त्यांच्या मुठीकडे पाहत म्हणाले, "सेठ, एक बार तय कर लो. जूता बनाऊँ के तकिया?" जोडे झाले. उंचवट्यात भरायला आतोबांनी वखारीतली सगळ्यात लांब धाग्याची, सगळ्यात पांढरी रुई काढली. ही गोष्ट आत्याला कळली तेव्हा तिचा आवाज बडनेऱ्यापर्यंत गेला असेल. "लोकं रुईच्या भावानं सोनं घेऊन रायले, आन् हे ती पायाखाली कोंबून रायले! उद्या डोक्यावर जोडे बांधून फिरा म्हंजे झालं!" पहिल्याच चिखलात ती रुई पाणी पिऊन अशी फुगली, की जोडे पायातून निघेनात. शेवटी रहीमचाचांनाच रापी घेऊन घरी यावं लागलं. जोडे कापताना ते बिचारे हसले नाहीत. मी मात्र माजघरात जाऊन पोट धरून हसलो.

वखारीत तर त्यांच्या शास्त्राला राजमान्यताच होती. तेव्हा रुई भरायची रीत अशी, की उंच चौकटीला भलीमोठी गोणी टांगायची, त्यात वरून रुई टाकायची आणि एका माणसाने आत उतरून ती पायांनी तुडवत जायची. भरलेल्या गोणीला बोजा म्हणत. रुई जसजशी दबे तसतसा माणूस वर येई. तुडव्या चांगला तर बोजा दगडासारखा. आतोबांनी ठरवलं, की तुडवायला सपाट पायाचा माणूस हवा, कमानीचा पाय रुईत नुसता भोकं पाडतो. झालं! वखारीच्या दारात पाणी शिंपडलेली एक फळी पडली, आणि कामाला येणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, आधी पाऊल. असाच एक इसम त्यांना मिळाला. त्याचं पाऊल म्हणजे अख्खा पराठा, तसूभर कोर नाही. आतोबा आनंदाने वेडे झाले. "बापू, वऱ्हाडात असा पाय दुसरा नाई!" पाय खरोखरच अद्वितीय होता, फक्त त्याच्या वरचा माणूस वऱ्हाडातला पहिल्या नंबरचा आळशी होता. दुपारच्या वेळी बोजा अर्धा भरलेला, आतून तुडवल्याची काही हालचाल नाही. वरच्या गड्याला वाटलं तो उतरून गेला. त्याने वरून रुई लोटली, दाबली आणि तोंड शिवायला घेतलं. चार टाके पडले असतील नसतील, तोच बोजा घोरायला लागला! गडी सुई टाकून पळाला, भूत भूत म्हणत. टाके उसवून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो डोळे चोळत एवढंच म्हणाला, "गादी लय नामी होती, मालक." आतोबांनी त्याला काढलं का? छे! "मानूस आळशी असंल, पाय नाई," असं म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

इथपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्या दिवसांत वऱ्हाडात लोकांच्या हाती पैसा खेळत होता, आणि नवा पैसा आला की माणसाला नवे सोस सुचतात. मुलगी पाहायला गेलेले लोक आजवर रंग पाहत, केस पाहत, चार ओळी गाणं म्हणवून घेत. आता कापसाचा धागा चिमटीत धरून पारखणाऱ्यांना माणसंही तशीच पारखावीशी वाटू लागली. आतोबांचं प्रवचन बाजारात सगळ्यांनी ऐकलेलं. त्यांनी कधी कमान शुभ आणि सपाट पाय अशुभ असं म्हटलं नव्हतं. पण जुन्या बाया ते म्हणतच आल्या होत्या, आणि दोन्हींचं मिळून लोकांनी एक शास्त्र करून टाकलं. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मुलीला ओल्या पायाने चालवून पाहायची टूम निघाली. आतोबांना बोलावणी येऊ लागली. ते पागोटं बांधून निघत, आणि पाहुण्यांच्या पुढे आंगणात उकिडवे बसत. खरं सांगतो, मला त्यांचा राग येई. एकदा मी म्हणालो, "आतोबा, पोरींना घोडीसारखं चालवता, बरं दिसतं का हे?" ते म्हणाले, "अरे, मी काय वाईट सांगतो? मी तं नुसती कमान पाहतो. लगन लावाचं का नाई, ते त्याईचं."

आणि मग पाळी आली आमच्या गोदीची.

गोदी माझी धाकटी बहीण. आतोबा-आत्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचं लहानपण बहुतेक त्यांच्याच घरी गेलं. घरी म्हणण्यापेक्षा आतोबांच्या खांद्यावर गेलं. वखारीत, बाजारात, कौंडण्यपूरच्या जत्रेत, जिथे आतोबा तिथे त्यांच्या खांद्यावर गोदी. तिचं स्थळही त्यांनीच आणलं होतं. अकोल्याचे एक पाटील, कापसात नव्यानेच वर आलेले, आतोबांचे अगदी परमशिष्य. मुलगा कष्टाळू, शांत. कुठल्याशा लग्नात गोदीने त्याला ओझरतं पाहिलं होतं, आणि त्याचा विषय निघाला की ती उठून आत जाई. आम्हांला कळायचं ते कळलं होतं. पाटलांकडची मंडळी मुलगी पाहायला आली त्या दिवशी आतोबा नेमके खामगावच्या बाजाराला गेलेले. मंडळींनी गोदीला ओल्या पायांनी ओसरीवरून चालवलं, सुपारी घेतली आणि गेली. आतोबा परतले त्याच दिवशी अकोल्याहून माणूस निरोप घेऊन आला: पोरगी लाखात एक आहे, पण पायाला कमान नाही. तुमच्याच शास्त्राने आम्हांला हे जमत नाही.

आतोबा हसलेच आधी. "आपल्या गोदीले कमान नाई? कोणत्या गाढवानं पायलं?" त्यांनी तिला हाक मारली, पाय धुऊन यायला सांगितलं. ती आली. आली आणि पाठमोरी होऊन परत गेली. ओसरीवर पावलं उमटली होती, आणि ती सपाट होती. अख्ख्या मुलुखाचे पाय पाहिलेल्या या माणसाने या एका पोरीचे पाय कधी पाहिलेच नव्हते. कुठून पाहणार? तिला भुईवर ठेवली होती कधी? आत गोदीचं रडू ऐकू येत होतं. ती मोठ्याने रडणारी मुलगी नव्हे, म्हणून ते ऐकणं जास्तच जड होतं. आतोबा खांबाला टेकून बसून राहिले. आत्या बाहेर आली आणि या खेपेस तिने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "आता तुमीच निस्तरा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही दोघांनी अकोल्यासाठी बैलांची दमणी जुंपली. चैत्राचं ऊन होतं, रस्ताभर फुफाटा. मूर्तिजापूरला मुक्काम केला. रस्त्याने कितीतरी अनवाणी माणसं गेली. मी आतोबांना मुद्दाम दाखवून पाहिली. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

पाटलांचं घर नवंकोरं होतं. कापसाच्या पैशातून बांधलेलं, आणि दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी, तोंड पाहून घ्यावं अशी. पाटलांनी आमचं स्वागत असं केलं, की जणू गुरूच घरी आले. गादीवर बसवलं, पंखा घालायला माणूस उभा केला. पण विषय निघाला आणि आतोबांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याशीच वाद घालायला आलो आहोत. ते जे जे बोलत, त्यावर पाटील त्यांचंच जुनं वाक्य काढून समोर ठेवीत.

"पाटील, पायात काय ठेवलं? मानसाचं मन पाहावं."

"तुमीच सांगतलं होतं जी, मन लपवता येते, पाऊल लपत नाई."

"अहो, पोरीची कमान गेली नाई, निजली हाय. चवड्यावर उभी केली का वर येते! म्या सोता पायली परवा. काही काही पाय असे असतात. वजन पडलं का कमान निजते, वजन उचललं का उठते."

"मंग काय सुनेले जनमभर चवड्यावर चालवू?"

पंखा घालणारा माणूस फस्सकन हसला. आतोबांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. "धावणारे, ओझे वायणारे कितीतरी सपाट पायाचे असतात, पाटील. काही बिघडत नाई त्याईचं."

"तसं असंल तं तुमी इतके साल आमाले काय शिकवलं?" पाटलांनी हे तुसडेपणाने विचारलं नाही. त्यांना खरंच पेच पडला होता. "मी अडाणी मानूस, आतोबा. मले चार पैसे आत्ता मियाले. म्या तुमाले पाहून एक गोष्ट शिकलो, का माल पारखूनच घ्यावा. आता तुमीच म्हनता पारख सोडा."

आतोबा गादीची शिवण बोटाने चाचपत बसले, आणि मला त्यांची दया आली. गोदीचं लग्न मोडल्यातच जमा होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून पाटलीणबाई गूळपाणी घेऊन आल्या. थोराड बांध्याच्या, पदर खोचलेल्या, घरातल्या पैशाने अंगावर सोनं आलं तरी चाल कष्टकरणीचीच राहिलेल्या. त्या विहिरीवरून तशाच आत आल्या होत्या. पाय ओले, तळव्यांना परसातली काळी माती. तांब्या ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या. आतोबांची नजर सवयीने खाली गेली. दारापासून आमच्यापर्यंत त्या गुळगुळीत फरशीवर पावलांची ओळ उमटली होती. एकूण एक पाऊल सपाट. आतल्या बाजूला बोटभर कोर नाही. गोदीचं पाऊल तरी बरं म्हणावं!

जिंकलो की आपण! नुसतं बोट दाखवायचं, "पाटील, ही तुमच्या घरची लक्ष्मी, पाहा तिचं पाऊल," आणि पाटील जागच्या जागी गप्प. मी आतोबांना कोपराने ढोसलं. आतोबांनी काय करावं? त्यांनी खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं काढलं आणि सगळ्यात जवळच्या पावलावर टाकलं! मग गादीवरून खाली सरकले आणि शेजारच्या पावलावर बसले.

"पाव्हणे, खाली काहून बसले?" पाटील चकित. "गादीवर बसा ना."

"नाई नाई, फरशी थंडगार हाय," आतोबा म्हणाले आणि आणखी थोडे पसरले. तिसरं पाऊल झाकायला त्यांनी एक पाय लांब केला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते याहून काय निराळं असतं? मागे दारापर्यंत ओळ तशीच होती. पण भर बैठकीत, नवऱ्यासमोर, पंख्यावाल्या गड्यासमोर त्या बाईचा पाय उघडा पाडणं आतोबांना जमेना. गोदीसाठीसुद्धा जमेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी जवळून पाहिलं.

पाटलीणबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलेलं असणार. त्या पाय न पुसता मुद्दामच आल्या होत्या, असं मला आज वाटतं.

"उठा, पाव्हणे," त्या म्हणाल्या. "किती पावलांवर बससान?"

त्यांनी वाकून उपरणं उचललं आणि नवऱ्यापुढे धरलं. काळ्या मातीचं अख्खं पाऊल त्यावर उठलं होतं.

"हे पाहा जी. पारखा. हे पाय म्या मायेरातून असे नोते आणले. तुमच्या घरी आली तवा तुडव्याले द्याले तुमच्याजोळ पैसा नोता. बोज्यात कोण उतरे? मी. पोटात पोट्टं होतं तवाबी मीच तुडवे. तुमी बाहीरून गोणी धरून उभे राहत. तुमाले माही मुंडीच दिसे, पाय तं आत असत. कसे दिसतीन तुमाले?" त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "ह्या पायायनं हे घर उभं रायलं. कमान पायजे ना तुमाले? मोर्णेवर भल्ली मोठी बांधली हाय सायबानं. जाऊन पाहत बसा. सून मले आणाची हाय, आन् मी तेच पोट्टी आणीन."

पाटलांनी ते उपरणं हातात घेतलं. मग त्यांनी खाली पाहिलं, बायकोच्या पायांकडे, आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "दुखतात काय वं?"

"आता नाई," बाई म्हणाल्या. "पाणी प्या पाव्हणे, गरम होऊन रायलं."

परतताना मी आनंदाने बडबडत होतो. मूर्तिजापूर मागे टाकल्यावर आतोबा म्हणाले, "बापू, त्या डाक्टरानं मले सगळं दाखवलं. पण भिंतीवरच्या त्या पायावर कोणी उभंच नोतं रे."

लग्न वैशाखात झालं. त्यानंतर आतोबांनी पाय पाहणं सोडून दिलं. वखारीच्या दारातली फळी आत्याने चुलीत घातली. बोलावणी येत, ते तब्येतीचं निमित्त सांगत. पंगतीत माणसं निर्धास्त जेवू लागली. पुढे ती परदेशातली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, वखारी ओस पडल्या, आणि नवे सोस आले तसे गेले. लोक म्हणत, आतोबा सुधारले. मला विचाराल तर मला ते मुळीच बरं वाटलं नाही. रस्त्याने ताठ मानेने चालणारा तो माणूस मला दुसराच कोणीतरी वाटे. घरात शांतता झाली, तशी आत्याही त्यांच्यावर ओरडेनाशी झाली, आणि ती शांतता आम्हां कुणालाच मानवली नाही.

गोदीला मुलगा झाला तेव्हा बारशाला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. पाटलांकडे आता पंखा घालायला गडी नव्हता. पाटलीणबाईंनी बाळ आणून आतोबांच्या मांडीवर दिलं. त्याने दुपट्यातून लाथ मारून एक पाय बाहेर काढला. इवलासा, गुबगुबीत, खालून सपाट. सगळ्याच तान्ह्यांचा असतो. कमान पुढे चालता चालता येते, हे आतोबांकडूनच मी शंभरदा ऐकलेलं. आता प्रवचन होणार म्हणून मी सरसावून बसलो. खोटं कशाला सांगू, मला ते हवंच होतं. त्या दिवशी त्यांनी पंगतीत कुणाचा अंगठा ओढला असता तरी मी त्यांचे पाय धरले असते.

पाटलांनी बायकोचं लक्ष नाही असं पाहिलं आणि पुढे वाकून हळूच विचारलं, "पाहा ना जी. येईन काय कमान?"

आतोबांनी तो पाय तळहातावर घेतला. अख्खा पाय त्यात मावला आणि वर जागा उरली. गोदी दारात उभी होती.

"मले त्यातलं काई समजत नाई, पाटील," आतोबा म्हणाले.

आतून जेवायची हाक आली. पानं वाढली होती, मंडळी उठली. आत्याने दाराशी येऊन पुन्हा हाक मारली. बाळ झोपलं होतं, आणि त्याचा पाय अजून आतोबांच्या मुठीत होता.

"थांब वं," ते म्हणाले. "हात मोकळा नाई."